उशीर नेमका कुठे झाला?

2020 च्या मे आणि जून महिन्यांत जळगाव जिल्ह्यात नोंद झालेल्या दर शंभर कोरोना रुग्णांमागे दहाहून अधिक माणसं दगावत होती. देशाचं प्रमाण तेव्हा तीनच्या आसपास होतं. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं : रुग्ण उशिरा दाखल झाला आणि त्याला आधीचे आजार होते. हे उत्तर खोटं नव्हतं. पण उशीर रुग्णाने केला, घराने केला, रस्त्याने केला की दवाखान्याने, हे त्यातून कळायचं नाही, आणि मला तर तेच कळून घ्यायचं होतं.

खानदेशात या प्रश्नावर दोन बाजूंनी बोललं गेलं. त्या दोन्ही बाजू इथे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत धुळ्याचे एम.डी. डॉक्टर, कोविड वॉर्ड सांभाळलेले. दुसऱ्या आहेत चोपडा तालुक्यातल्या आशा गटप्रवर्तक, सगळे त्यांना ताई म्हणतात. ही दोन्ही माणसं कल्पित आहेत. घटना, तारखा आणि आकडे खरे आहेत.

डॉक्टर : ताई, आधी त्या दहा टक्क्यांचा हिशेब नीट लावू. कितीला कितीने भागलं, ते पाहायला हवं. एप्रिल-मेमध्ये तपासणी होत होती कुणाची? धाप लागून आलेल्यांची. जळगावची स्वतःची प्रयोगशाळा तेव्हा सुरू झाली नव्हती. नमुने गाडीने आमच्याकडे धुळ्याच्या हिरे मेडिकल कॉलेजात यायचे. अहवाल हाती पडेपर्यंत काही जण गेलेले असायचे. साध्या ताप-खोकल्याचा माणूस मोजलाच जात नव्हता. मग मरणाचं प्रमाण फुगलेलं दिसणारच.

ताई : म्हणजे जळगावात काही बिघडलंच नव्हतं?

डॉक्टर : तसं नाही म्हणत. पण पुढचं ऐका. आयसीएमआरने मे-जूनमध्ये देशातल्या निवडक जिल्ह्यांत रक्ताची तपासणी केली, किती जणांना नकळत संसर्ग होऊन गेलाय ते पाहण्यासाठी. महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांत जळगाव होतं. तेव्हा प्रमाण नगण्य निघालं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुसरी फेरी झाली, तर जवळजवळ चौथा हिस्सा लोकांना संसर्ग होऊन गेलेला! 42 लाखांचा जिल्हा. ठोकळ मानाने आठ-दहा लाख माणसं झाली. नोंदवलेले रुग्ण होते पन्नास हजारांच्या आत. आता भागून पाहा.

ताई : भागाकार पटला. पण डॉक्टरसाहेब, खालचा आकडा तुम्ही सर्वेक्षण करून मोठा केलात; वरचा कुणी केला? ज्याची तपासणीच झाली नाही असा माणूस पाड्यावर गेला, तर तो तुमच्या मृतांत कुठे आहे? बरे झालेले न मोजलेले लोक तुम्ही हिशेबात घेतले, मेलेले न मोजलेले घेतले नाहीत.

डॉक्टर : हा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये द्यायचं ठरलं, तेव्हा राज्याच्या नोंदीत सुमारे एक लाख 41 हजार मृत्यू होते आणि अर्ज आले दोन लाखांहून जास्त. काही अर्ज दुबार असतील, काही बाद झाले असतील. तरी फरक लहान नाही. आणि 2020 साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले होते फक्त 22.5 टक्के. बाकीचे कशाने गेले, ते कागदावर नाही.

ताई : मग कारणांविषयी इतक्या खात्रीने कसं बोलता?

डॉक्टर : कारण वॉर्डात समोर दिसत होतं. साठीच्या पुढचा माणूस, अंगात साखर, रक्तदाब वाढलेला, कधी मूत्रपिंडाचा त्रास. जगभर हेच दिसलं. वय हा या रोगातला सर्वांत मोठा भेद होता. विषाणू जात विचारत नाही, रेशनकार्डाचा रंग विचारत नाही. माझ्या वॉर्डात बागायतदारही गेले आणि व्यापारीही गेले, पैसा हाताशी असून. उलट सातपुड्याच्या पायथ्याशी पहिल्या लाटेत तुलनेने शांत होतं. जळगाव, भुसावळ, अमळनेर तापलेली, पाडे नव्हेत. गरिबीने माणसं मारली म्हणता, तर तिथे जास्त जायला हवी होती.

डॉक्टरांचा हा मुद्दा सहज झटकण्यासारखा नाही. कोरोनाच्या मरणाचा आलेख गरिबीच्या आलेखावर नेमका बसत नाही. तरुण वस्ती, मोकळी हवा, विरळ घरं यांनी काही गावं वाचवली. बसून काम करणाऱ्या, जास्त वय गाठलेल्या, साखर वाढलेल्या शहरी घरांत कोरोना जास्त घुसला. जुन्या साथीत मात्र चित्र वेगळं होतं. 1918 चा इन्फ्लूएंझा मुंबईत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टिपेला पोचला. 6 ऑक्टोबरला एका दिवसात 768 माणसं गेली. तेव्हाच्या नोंदी समाजनिहाय ठेवलेल्या आहेत. युरोपीयांत हजारी 8.3, पारशांत 9, सवर्ण हिंदूंत 18.9, आणि ज्यांना सरकारी कागद 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणत होते त्यांच्यात 61.6. विषाणू त्याही वेळी जात विचारत नव्हता. खोलीत किती माणसं झोपतात, पोटात काय आहे आणि आजारपणात पाणी द्यायला घरात कुणी उठून उभं राहू शकतं का, यावर मरण ठरत होतं. त्या वर्षी पाऊस गेला होता, धान्य महागलं होतं, आणि देशभर बाया पुरुषांपेक्षा जास्त मेल्या. आजाऱ्यांची सेवा करायची ती त्यांनी, आणि घरात शेवटी जेवायचं तेही त्यांनीच.

ताई : साखर अंगात होती, बरोबर. पण ती आहे हे त्या माणसाला कधी कळलं?

डॉक्टर : दाखल झाल्यावर. हे मात्र खरं. कितीतरी जणांना मधुमेह आहे हे कोविड वॉर्डातच पहिल्यांदा कळलं.

ताई : मग आधीचा आजार म्हणून जो तुम्ही कागदावर लिहिता, तो आधी कुणालाच माहीत नव्हता. रावेर-यावलला केळीची कापणी करणारा, घड खांद्यावर वाहून ट्रक भरणारा माणूस साखर तपासायला कधी जाणार? त्याचा रोज बुडतो. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत हंगाम काढणारी बाई खोकते, तर तिला खोकला हा कामाचाच भाग वाटतो. पंधरा वर्षं चुलीच्या धुरात काढलेली छाती आणि तुमची-माझी छाती एका मापाने कशी मोजायची? तुम्ही शरीर म्हणता तिथे मला तिचं काम दिसतं, घर दिसतं.

डॉक्टर : दिसू द्या. पण उशीर? ताप आल्यावर सहा-सात दिवस घरी बसायचं, गावातल्या डॉक्टरकडून सलाईन लावून घ्यायचं, आणि ऑक्सिजन सत्तरवर आला की जिल्ह्याला पळायचं. हा निर्णय तर माणसाचाच ना? बरं, त्या डॉक्टरने दुसऱ्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलेलं. 16 जून 2020 ला ऑक्सफर्डच्या चाचणीचा निकाल आला, जळगावचे सर्वांत वाईट दिवस चालू असताना. डेक्सामेथासोन, अगदी स्वस्तातलं औषध, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने आणि ऑक्सिजनवरच्यांतले पाचव्या हिश्श्याने कमी करतं. पण ज्याला ऑक्सिजनची गरजच नाही त्याला त्याचा उपयोग नाही. तेच औषध नको तेव्हा, नको तितकं दिलं गेलं, साखर चारशेवर गेली, आणि 2021 मध्ये काळ्या बुरशीचे रुग्ण आमच्यापुढे येऊन पडले. डोळा काढावा लागलेली माणसं मी पाहिली आहेत. हे कुठल्या सामाजिक कारणात बसवता?

ताई : तो गावातला डॉक्टर उधारीवर औषध देतो. रात्री दार वाजवलं तर उघडतो. तुमचा वॉर्ड साठ-सत्तर किलोमीटरवर, आणि मार्चअखेरपासून एसटी बंद. तो चुकला, मी नाही म्हणत नाही. पण लोक त्याच्याकडे का गेले, हेही विचारा.

डॉक्टर : आणि तुमच्याकडे का नाही आले? आशा तर गल्लीतच होती.

ताई : आमच्याकडे? आम्हाला पाहून दारं लागायची! सुरतला उधना, लिंबायतला आपली खानदेशची किती माणसं आहेत, तुम्हाला माहीत आहे. लॉकडाऊनमध्ये तिकडून पोरगा घरी आला, की आई त्याला माळ्यावर झोपवायची. शेजाऱ्याला कळलं तर गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधणार, सगळ्या घराला उचलून शाळेत नाहीतर वसतिगृहात ठेवणार, चौदा दिवस मजुरी नाही, गाय कोण पाहणार? अन् गेलेल्यांचं तोंडही पाहायला मिळत नव्हतं, प्लॅस्टिकमध्ये बांधून परस्पर. त्या भीतीने माणूस घरी राहिला. ताप आहे का विचारलं, की म्हातारी म्हणायची, ‘माले काय व्हयेल शे?’ बरं, महिना कुठला? मे. जळगाव-भुसावळचं ऊन पंचेचाळीसवर. या दिवसांत ताप आला तर आपल्याकडे म्हणतात, ऊन लागलं. कैरीचं पन्हं द्यायचं, कांदा चोळायचा, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. तीन-चार दिवस असे गेले. यात अडाणीपणा कुठे आला? दरवर्षी त्या महिन्यात तो ताप उन्हाचाच असतो.

डॉक्टर : उन्हाचा मुद्दा आम्ही खरंच लक्षात घेतला नव्हता. आमच्या फलकांवर ताप, खोकला, वास न येणं एवढंच लिहिलेलं. ‘उन्हाचा ताप समजू नका’ असं लिहिलं असतं तर काही माणसं चार दिवस आधी आली असती.

ताई : सप्टेंबरात ‘माझं कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली तेव्हा आम्हाला ऑक्सिमीटर मिळाले. मी एका केळी कामगाराच्या बोटाला लावला, आकडाच येईना. चिकाने बोटं काळी पडलेली, नखांवर थर बसलेला. मग दुसऱ्या हाताची करंगळी कोमट पाण्याने धुतली, चोळून गरम केली, पुन्हा लावला. 88 आले. तो उभा राहून बोलत होता, हसत होता. म्हणे, मला धाप नाही तर दवाखान्यात कशाला? अर्धा तास मी त्याच्या बायकोशी बोलले, त्याच्याशी नाही. जायचं की नाही हे त्याच्या हाती होतं, पण पैशाचं अन् पोरांचं उत्तर तिला द्यायचं होतं.

डॉक्टर : धाप न लागता ऑक्सिजन उतरणं, हाच या आजाराचा दगा होता. आणि त्या यंत्राचंही एक सांगतो. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतून अभ्यास आला : काळ्या वर्णाच्या रुग्णांत हे यंत्र ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. रक्तात खरोखर कमी असूनही यंत्रावर ठीक दिसणारे रुग्ण गोऱ्यांपेक्षा त्यांच्यात जवळपास तिप्पट होते. उन्हात रापलेल्या बोटांवर आपण सगळा विश्वास टाकत होतो.

ताई : बघा, म्हणजे यंत्रसुद्धा गोऱ्या बोटासाठी नीट बसवलेलं.

आता जी गोष्ट बोलायची आहे, तिच्याविषयी खानदेशात अजूनही आवाज खाली आणून बोलतात. 1 जून 2020 ला 82 वर्षांच्या एक आजी जळगावच्या शासकीय रुग्णालयात कोविड वॉर्डात दाखल झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या खाटेवर नव्हत्या. घरच्यांना सांगण्यात आलं की त्या बेपत्ता आहेत. 10 जूनला त्यांचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. आठ दिवस. अधिष्ठात्यांसह काही डॉक्टर निलंबित झाले, जिल्हाधिकारी बदलले. या आठ दिवसांवर मृत्युदराचं कोणतंही गणित पांघरूण घालू शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताई : ही आजी तर उशिरा आलेली नव्हती ना डॉक्टरसाहेब? ती आत होती.

डॉक्टर : होती. आणि तिच्याविषयी मला जे वाटतं ते कुठल्याही अहवालापेक्षा वेगळं आहे. आपल्या सरकारी दवाखान्यात रुग्णाला जेवण भरवतो कोण? कुशीवर वळवतो कोण? संडासला धरून नेतो कोण? सलाईन संपलं म्हणून सिस्टरला हाक कोण मारतं? नातेवाईक. न नेमलेला, बिनपगारी कर्मचारी. त्याच्या जोरावर आपण वर्षानुवर्षं नर्स, वॉर्डबॉय, आया यांच्या जागा रिकाम्या ठेवून दवाखाने चालवले. कोविडने त्या नातेवाईकाला गेटबाहेर काढलं, आणि रिकाम्या जागा एका रात्रीत उघड्या पडल्या.

ताई : आणि पीपीई किट घालून आत जाणारा एकटा.

डॉक्टर : त्या उकाड्यात किटमध्ये चार-सहा तास. एक फेरी मारायची, सगळ्यांचे आकडे लिहायचे, बाहेर यायचं. मधल्या वेळात काय होतं? म्हाताऱ्या माणसाला लघवीला लागते. भांडं मागायला कुणी नाही, आणि लाजही वाटते. तो तोंडावरचा मास्क काढतो, उठतो, वीस पावलं चालतो. ज्याचा ऑक्सिजन मास्क लावून 90 आहे, त्याचा त्या वीस पावलांत सत्तरच्या खाली येतो. तिथेच चक्कर येते. किती जण संडासाच्या वाटेवर किंवा परत येऊन खाटेवर बसताना गेले, हे वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. कागदावर लिहिलं जातं : श्वसनक्रिया निकामी, मधुमेह, वय 70. ते खरंच असतं. पण खाटेजवळ एक भांडं आणि ते द्यायला एक माणूस असता, तर त्या दिवशी तरी तो गेला नसता.

ताई : म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचं बोलताय.

डॉक्टर : नाही ताई. मी अजूनही म्हणतो, मरण शरीरात घडतं आणि ते थांबवायचं तर शरीराचंच काहीतरी करावं लागतं. साखर तपासा, ऑक्सिजन मोजा, औषध वेळेवर द्या, नको तेव्हा देऊ नका, खाटेशी माणूस ठेवा. सगळं समाजावर ढकललं की मी सुटतो, आरोग्य केंद्र सुटतं, चुकीचं स्टेरॉइड देणारा सुटतो. गरिबी जाईपर्यंत थांबा, असं मला कुणाच्या नातेवाइकाला सांगता येत नाही.

ताई : आणि सगळं शरीरावर ढकललं की सरकार सुटतं. 23 मे 2020 ला महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या प्रत्येकाला लागू केली. दोनच दिवस आधी खासगी दवाखान्यांचे दर ठरले होते : वॉर्डला 4000, आयसीयूला 7500, व्हेंटिलेटरला 9000 रुपये रोज. कागद चांगला होता. पण गेटवर आधी अनामत मागितली जायची आणि योजनेचं नाव काढलं की ‘बेड नाही’ ऐकायला मिळायचं. मंगळसूत्र मोडायचं की कपाशीच्या बियाण्याचे पैसे काढायचे, यावर घरात रात्र जायची. ती रात्र तुमच्या केसपेपरवर कुठे लिहिता?

डॉक्टर : लिहीत नाही. ‘लक्षणं सुरू झाल्यापासून किती दिवसांनी दाखल’ एवढाच रकाना असतो.

ताई : त्याच्या शेजारी अजून एक रकाना काढा : ‘का?’

डॉक्टर : तो भरायला वेळ कुणाला होता?

ताई : तेव्हा नव्हता. आता आहे.

या संवादात मी कुणाला जिंकवणार नाही, पण माझा कौल सांगतो. वय आणि आजार यांनी धोका कुणाला हे ठरवलं. त्या धोक्यातून कोण परत आलं, हे बरंचसं अंतर, मजुरी, भीती आणि खाटेशेजारच्या माणसाने ठरवलं. म्हणून पुढच्या साथीची तयारी करताना ऑक्सिजनच्या टाक्यांइतकंच नर्स आणि आयांच्या भरतीकडे पाहावं लागेल. 2021 च्या जूनमध्ये आशांना मानधनासाठी संप करावा लागला, तोही ऐन साथीत. ज्यांच्या भरवशावर घरोघरचा ताप मोजला जातो त्यांना हक्काचं वेतन नसेल, तर पुढच्या वेळीही ताप मोजला जाणार नाही. आणि साथ संपल्यावर उरलेल्या आजारांचंही तसंच. 2019 मध्ये देशात 24 लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, 2020 मध्ये 18 लाख. क्षय कमी झाला नव्हता, तपासणी कमी झाली होती. यंत्रमाग आणि जिनिंगच्या धुळीत दिवस काढणाऱ्या धुळे-जळगावच्या छात्यांसाठी ही घट काय होती, ते वेगळं सांगायला नको.

जळगाव जिल्ह्याच्या सरकारी नोंदीत कोविडचे अडीच हजारांहून अधिक मृत्यू आहेत. त्यातल्या फार थोड्यांचा ‘का’ कुणी विचारला.

खानदेशातल्या वाचकांना म्हणून एक विनंती आहे. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच जन्म-मृत्यूचा निबंधक असतो. आपल्या ग्रामपंचायतीकडून 2019 आणि 2021 या दोन वर्षांच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या मृत्यूंची संख्या मागा. तोंडी मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी मांडून ग्रामसभेत वाचा. मग ज्या घरांतून माणूस गेला तिथे जाऊन, त्यांची तयारी असेल तर, तीन गोष्टी विचारा : ताप कोणत्या दिवशी आला, दवाखान्यात कोणत्या दिवशी नेलं, आणि मधल्या दिवसांत काय आडवं आलं. घरच्यांना तारखा अजून पाठ आहेत. आणखी दहा वर्षांनी त्या सांगणारं कुणी राहणार नाही, तेव्हा हे काम याच वर्षी करा.